पाडव्याला जुना लॅपटॉप

सोसायटीत कुणाला लॅपटॉप घ्यायचा असला की एक फोन मला येतो. मी काही संगणकाच्या धंद्यातला नाही, बँकेत नोकरी करतो. पण या यंत्रांची हौस आहे, आणि डोंबिवलीत अशी हौस लपून राहत नाही. गेली कित्येक वर्षं माझं उत्तर ठरलेलं असायचं: नवाच घ्या, खिशाला झेपेल तेवढा मोठा प्रोसेसर घ्या, आणि काही झालं तरी वापरलेला घेऊ नका. शेवटचं वाक्य मी जरा जोर देऊनच म्हणायचो. २०२५च्या दिवाळीत आमच्या घरी आलेला लॅपटॉप मात्र चार वर्षांचा आहे. आधी तो कुठल्याशा कंपनीत कुणाच्या तरी टेबलावर होता. तेव्हा ज्यांना ज्यांना मी तो सल्ला दिला, त्यांना माझं मत कसं आणि का पालटलं हे सांगणं भाग आहे.

तो सल्ला काही हवेतून आलेला नव्हता. पंधरा वर्षांपूर्वी तीन वर्षं वापरलेला लॅपटॉप खरोखरच थकलेला असायचा. आत फिरणारी हार्ड डिस्क, तिला कुणी किती वेळा आपटलंय कोण जाणे. प्रोसेसर दोन कोअरचा. दर नव्या पिढीबरोबर वेगात जाणवण्याएवढा फरक पडायचा, त्यामुळे जुनं म्हणजे संथ हे समीकरण बरोबरच होतं. शिवाय विकणारा बहुधा एकटादुकटा असायचा आणि तो का विकतोय हे त्यालाच ठाऊक. अशा वेळी ‘नवा घ्या’ हेच शहाणपण होतं.

मग मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी आली, आणि २०१७मध्ये इंटेलच्या आठव्या पिढीपासून साध्या, पातळ लॅपटॉपच्या आय फाइव्हमध्येही दोनाऐवजी चार कोअर आले. घरगुती कामाला लागणारी ताकद तिथे पुरी पडली. त्यानंतरच्या पिढ्या वेगवान आहेतच, पण तो वेग प्रश्नपत्रिका टाइप करताना कुठे दिसत नाही. हे मला आकडे वाचून माहीत होतं. घरात लागू करायला मात्र बराच वेळ लागला.

आमचा आधीचा लॅपटॉप २०१५चा. पाचव्या पिढीचा आय थ्री, चार जीबी रॅम. मध्यंतरी तो इतका रखडायला लागला होता की चहा टाकून यावं तेव्हा तो सुरू झालेला असायचा. टाकून देण्याआधी एक प्रयत्न म्हणून मी त्यात साधी साटा एसएसडी बसवली. चांगली हार्ड डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी वाचते, ही पाचशेच्या आसपास. पण खरा फरक पडतो तो इकडेतिकडे विखुरलेल्या बारीकसारीक फायली शोधताना, कारण डिस्कचा काटा फिरून जागेवर जाण्याचा वेळच उरत नाही. लॅपटॉप पुन्हा धावायला लागला. प्रोसेसर तोच होता, म्हणजे म्हातारी झाली होती ती डिस्क. पण मी त्यातून एवढंच शिकलो की एसएसडी चांगली असते.

शेवटी त्याला निरोप द्यायची वेळ आणली ती मायक्रोसॉफ्टच्या कॅलेंडरने. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि पाडवा होता २२ तारखेला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर, काही अपवाद सोडले तर, आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. आमचा त्यात बसत नव्हता. सुरक्षेचे अपडेट आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत, मिळवायची सोय आहे आणि ज्यांचा लॅपटॉप धडधाकट आहे त्यांनी ती जरूर वापरावी. आमच्याकडे बिजागरी निखळली होती. झाकण उघडताना एक हात खाली धरावा लागायचा आणि बॅटरी अर्धा तासही टिकत नव्हती.

दुकानात जाण्याआधी मी एक काम केलं, जे दुसऱ्यांना सल्ला देताना कधीच केलं नव्हतं. घरात लॅपटॉपवर नक्की काय चालतं ते नीट पाहिलं. बायको शाळेत शिकवते. तिचं वर्ड, एक्सेल आणि शिक्षण विभागाचे फॉर्म. मुलगी आठवीत, तिची प्रेझेंटेशनं, थोडं पायथन आणि पुष्कळ यूट्यूब. बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेले. ते आपल्या नोकरीच्या आठवणी मराठीत टाइप करतात. २०१९मध्ये विंडोजमध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आला तेव्हापासून त्यांना कुणाची मदत लागत नाही. माझं प्राप्तिकराचं विवरणपत्र, सोसायटीचे हिशेब. रविवारी न्यू जर्सीच्या बहिणीशी व्हिडिओ कॉल. संपली यादी.

हे सगळं चालू असताना टास्क मॅनेजर उघडून ठेवला तर त्या जुन्या आय थ्रीचीही फारशी दमछाक होत नव्हती. रॅम मात्र कायम काठोकाठ भरलेली. ब्राउझरचे टॅब हेच आजच्या घरातलं सगळ्यात जड काम आहे, आणि ते प्रोसेसर खात नाहीत, रॅम खातात. म्हणजे आम्हाला हवी होती सोळा जीबी रॅम, डोळ्यांना न शिणवणारी स्क्रीन, बरा कीबोर्ड आणि न तुटणारी बिजागरी. यातल्या रॅमखेरीज एकही गोष्ट दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहिलेली नसते.

दिवाळीच्या तोंडावर शोरूममध्ये गर्दी होती. सप्टेंबरात जीएसटीचे दर उतरले होते, त्यामुळे लॅपटॉपही स्वस्त झाले असतील या समजुतीने पुष्कळ लोक आले होते. मोठे टीव्ही आणि एसी २८ टक्क्यांवरून १८वर आले. लॅपटॉप आधीपासूनच १८वर होता, तो तिथेच राहिला. विक्रेता मुलगा तरतरीत होता. प्रत्येक यंत्रापुढे उभा राहून तो एकच वाक्य म्हणे: “लेटेस्ट आहे सर.”

या ‘लेटेस्ट’ची गंमत सांगितली पाहिजे. पस्तीस-चाळीस हजारांच्या फळीवर रायझन ५ ७५२०यू लिहिलेलं एक यंत्र होतं आणि थोड्या महागात ७५३०यू लिहिलेलं दुसरं. कुणालाही वाटेल की फरक उन्नीस-बीसचा. पण एएमडीच्या त्या नंबरपद्धतीत पहिला आकडा वर्ष सांगतो आणि आतली रचना सांगतो तो तिसरा आकडा. तिथे २ असेल तर आतली रचना झेन २, म्हणजे २०१९ची; ३ असेल तर २०२०ची झेन ३; ४ असेल तर २०२२ची झेन ४. नाव नवं, आतलं घराणं जुनं. ही किल्ली कंपनीने स्वतःच जाहीर केलेली आहे, त्यामुळे फसवणूक म्हणता येणार नाही, पण ती दुकानात कुणी सांगतही नाही. इंटेलनेही २०२३च्या शेवटी ‘आय’ टाकून ‘कोअर’ आणि ‘कोअर अल्ट्रा’ अशी नावं सुरू केली. ‘अल्ट्रा’ नसलेल्या कोअर ५ १२०यूच्या आत आधीच्याच पिढीची रचना आहे. मग मला प्रश्न पडला. नवा लॅपटॉप म्हणून मी जर पाच-सहा वर्षांपूर्वीचीच रचना विकत घेणार असेन, तर ‘जुना नको’ या माझ्या हट्टाला अर्थ काय राहिला?

त्याच ७५२०यूच्या यंत्रात रॅम आठ जीबी आणि ती बोर्डावर डागून टाकलेली. वाढवायची सोय नाही. स्क्रीनची उजळता २५० निट्स, म्हणजे आमच्या पश्चिमेकडच्या खिडकीशी दुपारी बसलात तर स्वतःचाच चेहरा दिसेल. रंगांपुढे ४५ टक्के एनटीएससी असं लिहिलेलं. हा आकडा दिसला की समजावं, लाल रंग विटकरी दिसणार. बहीण साडी दाखवेल आणि इकडे बायकोला ती भलत्याच रंगाची वाटेल. मी झाकण दोन्ही कोपऱ्यांना धरून किंचित पिळून पाहिलं. विक्रेत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं पिळलं नाही. मग त्याने ‘एआय लॅपटॉप’ दाखवला. मे २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टने कोपायलट प्लस या नावाची यंत्रं आणली. त्यांत निदान १६ जीबी रॅमची अट आहे, ही त्यातली खरी उपयोगाची बाब. बाकी जी खास चिप त्यात असते, तिला आमच्या घरात काम काय देणार?

त्या रात्री मेहुण्याशी बोललो. तो एका आयटी कंपनीत कर्मचाऱ्यांना लॅपटॉप वाटण्याच्या आणि परत घेण्याच्या खात्यात आहे. तो म्हणाला, “भाऊजी, आमच्याकडे लॅपटॉप खराब झाला म्हणून बदलत नाहीत. लीज संपली म्हणून बदलतात.” पुष्कळ मोठ्या कंपन्या लॅपटॉप विकत घेत नाहीत, तीन-चार वर्षांच्या भाड्याने घेतात. मुदत संपली की शेकड्यांनी यंत्रं परत जातात, त्यांच्या डिस्क पुसल्या जातात आणि माल लॉटने व्यापाऱ्यांकडे येतो. त्यातली कित्येक कायम टेबलावर चार्जरला लावलेली असतात. बॅटरी त्यामुळे थकते, बाकी अंगाला ओरखडाही नसतो.

ही यंत्रं मुळात वेगळ्या गिऱ्हाइकासाठी बनलेली असतात. लेनोव्होची थिंकपॅड टी मालिका, डेलची लॅटिट्यूड, एचपीची एलिटबुक. यांचं गिऱ्हाईक म्हणजे एका वेळी हजार नग घेणारी कंपनी, आणि तिला दुरुस्तीत वेळ गेलेला परवडत नाही. म्हणून बिजागऱ्या दणकट, मागचं झाकण साध्या स्क्रूंचं, कीबोर्ड लिहायला सुखाचा. उघडून दुरुस्त कसं करायचं याची पुस्तिका या कंपन्या सगळ्यांसाठी मोफत ठेवतात. एकाच मॉडेलचे ढीगभर नग बाजारात असल्याने चार वर्षांनीही बॅटरी, कीबोर्ड, पंखा मिळतो. नवा असताना असा लॅपटॉप लाखाच्या आसपास जातो, म्हणून आपण घरासाठी त्याचा विचारच करत नाही. मीही केला नव्हता.

घरी मात्र प्रश्न तांत्रिक नव्हता. “पाडव्याला लोक नवी वस्तू आणतात,” बायको म्हणाली, “आणि तू कुणाचा तरी वापरलेला आणणार?” यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. आपण जुनी गाडी घेतो, जुनं घर घेतो, जुन्या पुस्तकांसाठी फूटपाथवर उकिडवे बसतो. पण ज्याला खंडेनवमीला हळदकुंकू लावायचं ते हत्यार दुसऱ्याच्या हातचं नको असतं. ही भावना मला हास्यास्पद वाटत नाही. बाबांनी तोडगा काढला: “आपल्या घरात नवा ना? मग झालं.” बायकोने फक्त एक अट घातली, कीबोर्ड तिच्यासमोर पुसायचा.

मेहुण्याला सोबत घेऊन लॅमिंग्टन रोडला गेलो. कागदोपत्री तो डॉ. भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत पाच-सात मिनिटं. जिना चढून वरच्या मजल्यांवरच्या गाळ्यांत खरा माल असतो. तिथे ‘ए ग्रेड’, ‘बी ग्रेड’ अशी प्रतवारी ऐकू येते. ही कुणा सरकारी यंत्रणेने ठरवलेली नाही, दुकानदाराच्या नजरेची आहे. “कंपनी का माल है साब, हात लगाके देखो,” असं तो म्हणतो, आणि त्याचं शब्दशः ऐकावं. खरंच हात लावून पाहावं, आणि निवांत पाहावं.

मी जे पाहिलं ते जरा सविस्तर सांगतो, कारण आता फोन आले की लोक हेच विचारतात. सर्वांत आधी यंत्र बंद करून चालू करा आणि बायोसमध्ये शिरा. तिथे पासवर्ड मागितला तर यंत्र खाली ठेवा आणि दुसरं मागा, कितीही स्वस्त असलं तरी. मग विंडोज नव्याने टाकून सुरुवातीचा सेटअप इंटरनेट जोडून समोर करायला लावा. कंपनीने यंत्र आपल्या यादीतून काढलेलं नसेल तर तिथे कंपनीचं नाव आणि लॉगिन येतं. तसं आलं तर तो व्यवहार तिथेच थांबवा. त्यानंतर बॅटरी. विंडोजला एका कमांडने बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात बॅटरी मुळात किती क्षमतेची होती आणि आता पूर्ण भरल्यावर किती धरते हे दोन आकडे शेजारी येतात. दुसरा पहिल्याच्या साठ-सत्तर टक्क्यांवर उतरला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा. दुकानदार ते मान्य करतात. त्यांना हे माहीतच असतं. एसएसडीचं आयुष्य किती खर्च झालं हेही एका छोट्या मोफत प्रोग्रामने दिसतं.

स्क्रीनवर पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र लावून डाग पाहा. प्रत्येक कळ दाबा, मराठी टाइप करून पाहिलंत तर जोडाक्षरांच्या निमित्ताने शिफ्टही तपासली जाते. प्रत्येक पोर्टमध्ये पेनड्राइव्ह घाला. यूएसबी-सीवरून चार्ज होतो का ते बघाच, कारण चार्जर हरवला तर तोच आधार. युरोपीय संघाने तर २८ एप्रिल २०२६पासून नव्या लॅपटॉपना ते सक्तीचंच केलं आहे. रॅमचे खाचे किती आणि मोकळे किती ते विचारा. एलिटबुक आणि लॅटिट्यूडच्या बऱ्याच मॉडेलांत दोन खाचे असतात, काही थिंकपॅडांत थोडी रॅम डागलेली आणि एकच खाचा. आणि बिलावर यंत्राचा सीरियल नंबर आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या. बिल नको असेल तर कमी करतो, असं कुणी म्हणालं तर पुढचा गाळा गाठा.

अकराव्या पिढीचा आय फाइव्ह, सोळा जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, चौदा इंची स्क्रीन. किंमत तीस हजारांच्या आत, त्यात नवी बॅटरी बसवून, सहा महिन्यांची दुकानाची वॉरंटी. कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही, नाहीतर ही जाहिरात वाटेल, आणि वरच्या तिन्ही मालिकांत मला फारसं डावंउजवं दिसलं नाही. रॅम सोळा असलेलाच घेतला हे बरं झालं. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा बाजार असा उचलला की वर्षअखेर रॅमचे भाव चढले, आणि डिसेंबरात मायक्रॉनने आपला क्रूशियल हा घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. नव्या लॅपटॉपच्या किमतीही त्याने वर जाणार.

आता त्याच्या खोड्या. वजनाला जड आहे. व्हिडिओ कॉल लांबला की पंखा ऐकू येतो. कॅमेरा ७२०पीचा, बहीण म्हणते, तुम्ही सगळे धुक्यात बसल्यासारखे दिसता. स्क्रीन शोरूममधल्या त्या यंत्रापेक्षा फार उजवी नाही, कारण कार्यालयांसाठी घेतानाही कंपन्या स्क्रीनवर पैसे वाचवतात. याहून चांगल्या स्क्रीनचा एक नग दिसला होता, पण त्याची बिजागरी ढिली होती. आणि मायक्रोसॉफ्टने उद्या पुन्हा पिढीची अट वर सरकवली तर हा आधी बाद होईल, नवा नंतर. हा धोका मी समजून घेतला आहे.

मॅकबुक एअरचा विचार केला होता. २०२०च्या एम वनवाला आजही उत्तम चालतो, पंखाच नाही त्याला. पण रॅम वाढत नाही, आणि बायकोच्या शाळेतले सगळे जण विंडोजवर. क्रोमबुकला २०२१पासूनच्या मॉडेलांसाठी दहा वर्षं अपडेट देण्याचं गूगलचं वचन आहे, ते घरातल्या एकट्या विद्यार्थ्यासाठी चांगलं. चौघांच्या घराला कमी पडलं असतं. पर्यावरणाचंही सांगायला हवं. लॅपटॉपच्या आयुष्यभरातल्या कार्बनचा मोठा वाटा तो बनवतानाच खर्ची पडलेला असतो, आणि १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत अशी यंत्रं दुरुस्त करून विकणाऱ्यांचीही नोंदणी आहे. चांगलंच आहे ते. पण मी घेतला तो त्यासाठी नव्हे, पैशाला चांगली वस्तू मिळाली म्हणून.

आमच्या आधीच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकून तो बाबांना दिला. त्यांनी दोन दिवस वापरला आणि “माझी अक्षरं जागेवर नाहीत” म्हणून परत केला. तो आता मुलीचा, आणि ती त्यात काय करते हे मी विचारत नाही.

तरी सरसकट सगळ्यांना हे सांगणार नाही. व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी, गेमिंग असलं काम असेल तर नवाच घ्या. ज्या घरात यंत्र उघडून बघणारं, दुकानदाराशी वाद घालणारं कुणी नाही, आणि बिघडलं की माणूस घरी येऊन दुरुस्त करून जावा अशी अपेक्षा आहे, त्यांनीही नवाच घ्यावा. त्या सोयीचे पैसे मोजण्यात काही वावगं नाही. एकटे राहणारे ज्येष्ठ नागरिक यातच येतात. मुलगी उद्या इंजिनिअरिंगला गेली तर तिला मी नवाच घेऊन देईन, आणि तेव्हा प्रोसेसरही बघेन. बाकी बँक, शाळा, कर, आठवणी आणि न्यू जर्सी एवढंच ज्यांच्या लॅपटॉपचं जग आहे, त्यांनी शोरूमला जाण्याआधी एक शनिवार लॅमिंग्टन रोडला घालवावा. रविवारी तिथली पुष्कळ दुकानं बंद असतात.